भिंती आम्ही छाबल्या, पाटी कोणाची?

आम्ही शेंदूरजनाघाटहून बोलतोय. सातपुड्याच्या पायथ्याचं, संत्र्याच्या बागांचं अन् संत्र्याच्या कलमांचं आमचं गाव. दर वेळी आम्ही तुमच्याशी बचतीचं, व्याजाचं, हप्त्याचं बोलतो. आज जरा वेगळं बोलू. आज जुन्या घरांचं बोलू: ती बांधली कशी, त्यात राहिलं कोण, आणि त्यांची आठवण कोणाच्या नावानं उरली.

झालं असं, की या उन्हाळ्यात आमच्या पुऱ्यातला एक जुना वाडा पाडायला काढला. सागाच्या तुळया दोरखंड लावून खाली घेतल्या आणि ट्रॅक्टरवर चढवल्या. गटाची बैठक त्याच दिवशी, त्याच गल्लीत होती. बैठक राहिली बाजूला, सगळ्या जणी धुळीत उभ्या राहून पाहत बसल्या. कोणीतरी विचारलं, "हा वाडा बांधला कोणी?" तर आजोबांचं नाव निघालं, पणजोबांचं निघालं, त्यांच्या वडिलांचंही निघालं. मग एकीनं विचारलं, "आणि पणजीचं नाव काय?" सगळे गप्प. घरातल्या मुलांनाही ठाऊक नव्हतं.

त्या घरातली ऐंशीच्या पुढची आजी बाजेवर बसली होती. ती म्हणाली, "वाडा कोनाचा म्हून पुसता, अन् माती कोनं वाह्यली ते नाही पुसत? दर सालं धाब्यावर माती टाकू टाकू माह्या डोक्यावरचे केस गेले, बाई."

तिथून आम्ही सुरुवात केली. महिनाभर, सवड मिळेल तशा, आम्ही आपल्याच पुऱ्यातली जुनी घरं बघत फिरलो आणि म्हाताऱ्या बायांना विचारत गेलो. थोडं वाचलंही. जे कळलं ते सांगतो.

काळी आणि पांढरी

वऱ्हाडात गावची जमीन दोन रंगांनी ओळखतात. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळ्या मातीत कापूस येतो, ज्वारी येते, तूर येते. पण तिच्यावर घर टिकत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर भिंत असली तर भिंतीलाही चीर जाते. म्हणून जुनी माणसं काळी माती खोदून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेत, आणि गाव वसवायचं तर पांढरी बघून वसवत.

हीच पांढरी माती घराच्या डोक्यावर चढली. आपल्याकडच्या जुन्या घराचं छप्पर म्हणजे धाबं. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर पाला नाहीतर तुराट्या, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर. पाण्यानं ही माती दबून बसते आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. भिंती दीड-दोन हात रुंद, मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही माजघरात गारवा राहायचा, तो या मातीमुळे. आमच्याकडे सातपुडा जवळ, म्हणून लाकूड सागाचं. खांबाखाली दगडी उथळा ठेवत, म्हणजे वाळवी अन् ओल लाकडाला लागत नाही.

गावच्या पाटला-देशमुखांचं घर यापेक्षा मोठं, ती गढी. उंच चौथरा, चारी कोपऱ्यांना बुरूज, तळाशी रुंद अन् वर निमुळत्या होत गेलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंती. ही नुसती श्रीमंतीची हौस नव्हती. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावं लुटत फिरत. तेव्हा गाव गढीत शिरून दार लावून घेई. १८१७-१८ मध्ये पेंढारी मोडले, आणि गढीची गरज हळूहळू संपली. वऱ्हाडात किती गावी आज गढी म्हणजे नुसती एक टेकडी उरली आहे. तिची माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेली. देशमुखाची गढी अशी गरिबाच्या छपरावर गेली!

पैसा बदलला, घर बदललं

घराकडे नीट पाहिलं तर ते कोणत्या पैशातून उभं राहिलं, तेही कळतं. देशमुख, देशपांडे हे परगण्याचा महसूल गोळा करणारे वतनदार. मोगलाईत आणि पुढे निजामाच्या काळात त्यांच्याकडे सत्ता होती, म्हणून त्यांची घरं किल्ल्यासारखी. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे कारभाराला दिलं. जमिनीची मोजणी झाली, शेतकऱ्याच्या नावे खातं पडलं, सारा सरकार थेट घेऊ लागलं. देशमुखांचं काम गेलं, मान तेवढा राहिला.

मग आला कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पुढं रेल्वेही आली. त्या पैशानं व्यापारी, सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांची घरं उठली: पक्क्या विटांची, चुन्याची, कोरीव खांबांची, रस्त्याकडे सज्जा असलेली. युद्ध संपलं तसा भाव पडला. सावकाराची माडी राहिली, कुणब्याच्या माथ्यावर कर्ज राहिलं. आमच्या भागात नंतर संत्र्यानं पैसा दिला. त्या पैशातून कवेलू गेलं, टिना आल्या, टिना गेल्या, स्लॅब आला.

दारातून परसदारापर्यंत

आता एका जुन्या वाड्यात शिरू. पुढं मोठा दरवाजा, त्यातच एक लहान दिंडी. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आतून आडवा अडसर, तो भिंतीतल्या खोबणीत सरकतो. दारातून आत आलं की ढेलज. इथं दिवाणजी बसे, हिशेब होई, वाटसरू टेकत. पुढं उघडा चौक, चौकाच्या बाजूनं ओसरी, ओसरीत बंगई. बंगईवर घरधनी बसे. आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं, "तुम्ही बंगईवर बसलात का कधी?" एक हसली अन् म्हणाली, "बसलो ना, सासरा मेल्यावर."

ओसरीच्या मागं माजघर, आणि बायांचा मुलूख इथून सुरू होई. माजघरात जातं. दोन भिंतींच्या मधे पोकळी ठेवून केलेलं बळद, त्यात धान्य. जास्तीची ज्वारी जमिनीखालच्या पेवात. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे; कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबायचं. कापसाच्या दिवसांत वेचलेला कापूस ओसरीपासून माजघरापर्यंत ढीग लावून ठेवत, भावाची वाट बघत. ते तर अजून चालूच आहे. कापूस घरात आणि माणसं अंगणात, आणि खोकला बायकापोरांना.

माजघराला लागून एक अंधारी खोली असे, खिडकी नसलेली. ती बाळंतिणीची. किती पिढ्या त्या एका खोलीत जन्मल्या! वारा लागू नये म्हणून दार बंद, आत शेगडीचा धूर. काही बायांनी तिथंच जीव सोडला. घराच्या इतिहासात मालकाचा मृत्यू लिहून ठेवलेला असतो, या खोलीतले मृत्यू कोणी लिहिले नाहीत. विधवा बाईचं अंथरूणही बहुतेक असंच कुठंतरी कोपऱ्यात असे.

त्यामागं स्वयंपाकघर, न्हाणी, आणि परसदारात विहीर, तुळस, गोठा. दूर बसलेल्या बाईची जागा तिथंच, गोठ्याजवळ. बाया पुढच्या दारानं फार कमी जात. परसदारातून शेजारच्या परसदारात जात. विहिरीवरच्या अन् परसदारातल्या बोलण्यातून अर्ध्या गावच्या बातम्या फिरत. आपली गटाची बैठक आज जिथं भरते ना, तिचं मूळ ओसरीत नाही, परसदारात आहे.

आणि दरवाजाबाहेर कोण थांबलं, तेही सांगायला हवं. लाकूड रंधलं सुतारानं, दगड घडवला पाथरवटानं, माती कालवली मजुरांनी. यातल्या कित्येकांना वाडा उभा राहिल्यावर दिंडीच्या आत पाऊल टाकता येत नसे. महारवाड्यातल्या बाईनं चौथऱ्याची माती डोक्यावर वाहिली, आणि त्याच घरच्या विहिरीचं पाणी मात्र तिला वरून ओंजळीत घ्यावं लागलं. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातल्या प्रवेशासाठी १९२७ मध्ये चळवळ उभी राहिली, तिच्यामागं असली शेकडो बंद दारं होती.

वाडा एकदा बांधला की झालं, असं मातीच्या घराचं नसतं. आखाजी सरली की मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दिवाळीआधी भिंती छाबायच्या. आठवड्याला सारवण, रोज सडा. दोन सालं हात फिरला नाही तर धाबं गळतं, लाकूड कुजतं, भिंत बसते. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं जे घर उभं राहिलं, ते बांधणाऱ्या पुरुषाच्या पैशानं जितकं, तितकंच दर साली माती लावणाऱ्या बाईच्या हातानं. आजी जे म्हणाली ते हेच.

तीन घरं, तीन बाया

आमच्या पुऱ्यातल्या पणजीचं नाव कोणाला आठवलं नाही. मग आम्ही शोधलं, की वऱ्हाडात अशी कोणती घरं आहेत, जिथल्या बाईचं नाव उरलं.

पहिलं घर सगळ्यांना ठाऊक आहे. बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा. भलं मोठं दगडी प्रवेशद्वार, आत जुन्या महालाचे अवशेष, आणि १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जिथं जन्मल्या ती जागा. लखुजीराव मोठे सरदार. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या दरबारात त्यांचा आणि त्यांच्या मुलांचा घात झाला. सिंदखेडराजातली त्यांची समाधी अजून पाहण्यासारखी आहे. पण दर १२ जानेवारीला लाखो माणसं येतात ती कोणासाठी? लेकीसाठी. लग्न होऊन ती भोसल्यांकडे गेली, तरी तो वाडा आज तिच्या नावानं ओळखला जातो. आपल्यात लेकीला परक्याचं धन म्हणतात. वऱ्हाडातला सगळ्यांत नावाजलेला वाडा मात्र लेकीचा आहे.

दुसरं घर बुलडाण्याचं. तिथं बापूजी हरी शिंदे नावाचे सरकारी कचेरीतले कारकून राहत. ते जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. त्यांची मुलगी ताराबाई. बापानं तिला शिकवलं, आणि लग्न करून सासरी पाठवण्याऐवजी घरजावई आणला. ताराबाई बापाच्या घरातच राहिल्या. १८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला, बायका कशा वाईट चालीच्या म्हणून वर्तमानपत्रं लिहू लागली. ताराबाईंना ते सोसलं नाही. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक काढलं आणि पुरुषांना रोखठोक विचारलं, की जे दोष आम्हाला चिकटवता ते तुमच्यात नाहीत का? लोकांनी टीका केली, जोतिबांनी पाठराखण केली. पुढं ते पुस्तक विसरलं गेलं, आणि १९७५ मध्ये पुन्हा छापलं गेलं. आम्हाला वाटतं, ज्या घरात बाईला उठ म्हणणारं कोणी नव्हतं, त्या घरात बसून तिला एवढं लिहिता आलं.

तिसरं घर अमरावतीचं, दादासाहेब खापर्ड्यांचं. मोठे वकील, टिळकांचे सोबती. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत, इतका त्यांच्या घरी राबता. दादासाहेब रोजनिशी लिहीत, म्हणून त्यांचे दिवस आपल्याला वाचायला मिळतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांनी रोजनिशी लिहिलेली नाही. शिर्डीला त्या नवऱ्यापेक्षा जास्त महिने राहिल्या, आणि साईसच्चरितात त्यांची आठवण आहे ती नैवेद्याच्या ताटाची. त्यांचं ताट आलं की साईबाबा आवडीनं जेवले, अशी. ज्या घरात सतत पाहुणे, पक्षकार, कार्यकर्ते येत, तिथली चूल किती पेटली असेल! पण लक्ष्मीबाईंनी काय पाहिलं, काय सोसलं, ते त्यांच्या शब्दांत आपल्याकडे नाही.

तीन घरांतून एवढं कळलं: एकीला लोकांनी आठवणीत ठेवलं, एकीनं स्वतः लिहून ठेवलं, आणि एकीचं फक्त ताट उरलं.

घराचा कायदा

आता पाडलेल्या वाड्याकडे परत येऊ. तो विकायच्या आधी त्या घरच्या चार लेकी माहेरी आल्या होत्या. भावांनी साडीचोळी केली, पुरणपोळी झाली, आणि हक्कसोडपत्रावर चौघींच्या सह्या झाल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. एक जण आम्हाला म्हणाली, "घर घेतलं तर भाऊ तुटेल, मग दिवाळीले जाऊ कुठं?" तिचं खोटं आहे असं आम्हाला म्हणता आलं नाही. पण आजीही तिथंच होती. वाडा विकला गेला, आजीच्या वाट्याला धाकट्याच्या घरचा एक कोपरा आला. कागदावर तिचं नाव कधी चढलंच नव्हतं.

हे कसं झालं ते समजून घ्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वारस केलं. पण त्यातच कलम २३ होतं. घरात पुरुष वारस राहत असले, तर ते स्वतः वाटणी करत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. राहायचा हक्क होता, पण तोही लग्न न झालेल्या, नवऱ्यानं सोडलेल्या किंवा वेगळ्या झालेल्या आणि विधवा लेकीलाच. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला, लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला, आणि कलम २३ काढून टाकलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी २००५ मध्ये बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. हा कायदा आपल्या बौद्ध आणि जैन भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम भगिनींना त्यांच्या कायद्यानं वाटा आहे, तो मुलाच्या निम्मा, पण ठरलेला.

सुनेचं आणि पत्नीचं काय? शेतासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. घरासाठी २००३ मध्ये शासनानं सांगितलं, की ग्रामपंचायतीत घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. तरी आम्ही आमच्या गटात पाहिलं, तर घराच्या उताऱ्यावर नाव होतं फक्त दोघींचं. आणि त्या दोघीही विधवा.

आता आपण काय करू

जुनं घर टिकेलच असं नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर मोवाडमध्ये शिरला. आमच्यापासून ते गाव फार लांब नाही. दोनशेहून जास्त माणसं गेली, जुनी घरं बसली, आणि गाव पुन्हा दुसऱ्या जागी वसवावं लागलं. माती एका सकाळीत जाते. म्हणून आम्ही तीन कामं धरली आहेत, तुम्हीही धरा.

पहिलं, आपल्या गल्लीतलं जुनं घर पडायच्या आधी एकदा आतून बघा. मोबाइलवर फोटो काढा. कोणत्या खोलीत काय होतं ते घरच्या म्हातारीला विचारा, आणि तिच्या सासूचं, आजेसासूचं, आईचं नाव लिहून घ्या. एक वही पुरते.

दुसरं, नगरपरिषदेतून किंवा ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा उतारा काढा. मेलेल्या सासऱ्याचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. नवऱ्याचं असेल तर दोघांची नोंद करायचा विषय घरात काढा. भांडण न करता, पण काढा.

तिसरं, हक्कसोडपत्र समोर आलं तर सही करायच्या आधी वाचून घ्या. भावाला द्यायचं असेल तर द्या. तो तुमचा निर्णय. पण आपण काय देतोय ते कळून द्या. आणि आईचं नाव त्यात कुठं आहे, ते आधी बघा.

मागच्या बैठकीत आम्ही आजीला बोलावलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर तिनं सांगितलेली नावं लिहिली: तिचं, तिच्या सासूचं, सासूच्या सासूचं. चौथं तिला आठवेना. ती खूप वेळ डोळे मिटून बसली आणि मग म्हणाली, "थांबा, माह्या बहिणीले पुसतो." ती जागा आम्ही वहीत कोरी ठेवली आहे.

भेटू पुढच्या वेळी. तोवर रामराम, जयभीम, सलाम.